जन्माची अद्दल घडवून काय होतं? अमेरिकन कॉलेज फुटबॉल आणि शिक्षेचं गणित

२०२५च्या ऑगस्टमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल टीमला शिक्षा झाली आणि दोन्हीकडून ओरड सुरू झाली. निम्मे म्हणे ही कसली शिक्षा, चॅम्पियनशिपच काढून घ्यायला हवी होती, आणि निम्मे म्हणे आत्ता खेळणाऱ्या पोरांनी काय घोडं मारलंय. प्रकरण असं, की अमेरिकन फुटबॉलमध्ये कोच मैदानाबाहेरून हातवारे करून खेळाडूंना पुढची चाल सांगतात. चालू मॅचमध्ये समोरच्याचे हातवारे ओळखता आले तर खुशाल ओळखा, पण पुढे ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्या मॅचला आधीच माणूस पाठवून टेहळणी करायला १९९४पासून बंदी आहे. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने नेमकं तेच केलं, तिकिटं काढून माणसं बसवली, मोबाइलवर शूटिंग करवलं. २०२३च्या सीझनमध्ये टीम १५-० अशी अजिंक्य राहिली आणि हेड कोच जिम हार्बो जानेवारी २०२४मध्ये लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक टीमकडे निघूनही गेला.

कॉलेज खेळांची देशपातळीवरची संघटना एनसीएए हिने दंड ठोकला, तो सगळा धरून २ कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज होता. सीझननंतरच्या मोठ्या मॅचेसवर बंदी घालायला पुरेसं कारण आहे, पण त्याने आत्ताच्या खेळाडूंवर अन्याय होईल, असं म्हणून ती बंदी मात्र टाळली. आता हे बरोबर की चूक यावर वाद घालायचा तर आधी शिक्षा कशासाठी करतो हे बघायला लागेल, आणि तिथे एक फार सुंदर गणित आहे जे मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

त्याआधी १९८७. डॅलसचं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ, म्हणजे एसएमयू. १९८२ला ही टीम एकही मॅच हरली नव्हती. पैसेवाले हितचिंतक खेळाडूंना गुपचूप पैसे द्यायचे, तेव्हा ते नियमाबाहेर होतं. १९८५ला पकडले गेले, शिक्षा झाली, आणि त्यानंतरही १३ खेळाडूंना मिळून ६१,००० डॉलर दिले गेले. का? तर आधीच शब्द दिलाय, आता पैसे बंद केले तर पोरं बोलतील. आणि पैसे चालू ठेवायच्या या निर्णयात विद्यापीठाच्या मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमंट्स होते, जे आधी टेक्ससचे गव्हर्नर होते आणि १९८७ला पुन्हा झाले! २५ फेब्रुवारी १९८७ला एनसीएएने टीमचा अख्खा सीझनच रद्द केला, याला लोक 'डेथ पेनल्टी' म्हणतात. पुढच्या वर्षी होम ग्राउंडवर मॅच नाही, शिवाय चार वर्षांत ५५ स्कॉलरशिप कमी. मग पुढचा सीझन एसएमयूने स्वतःच सोडून दिला. इतर कॉलेजांचे कोच कॅम्पसवर येऊन खेळाडू पळवायला लागले, एक पैसाही न घेतलेल्या पोरांनाही बाडबिस्तरा गुंडाळायला लागला. सीझननंतरची मानाची मॅच टीमला परत खेळायला मिळाली ती थेट २००९ला.

मधल्या वीस वर्षांना लोक 'शाप' म्हणतात. आपली साडेसाती निदान साडेसात वर्षांत तरी संपते! शाप वगैरे काही नाही हो, ५५ स्कॉलरशिप गेल्या म्हणजे ५५ चांगले खेळाडू दुसरीकडे गेले, त्यामुळे टीम हरते, हरणाऱ्या टीमकडे पुढची चांगली पोरं येत नाहीत, त्यामुळे ती अजून हरते.

तर गणित. गॅरी बेकर नावाचा अर्थशास्त्रज्ञ एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला निघाला होता, उशीर झालेला, गाडी पार्किंगमध्ये लावायची की रस्त्यावर बेकायदा ठोकून द्यायची, आणि त्याने तिथल्या तिथे हिशोब केला की पकडले जायची शक्यता किती, दंड किती, आणि दिली रस्त्यावर लावून. १९६८ला त्याने यावर पेपर लिहिला, १९९२ला नोबेल मिळालं (अर्थात फक्त पार्किंगसाठी नाही). मूळ कल्पना साधी: नियम मोडणाऱ्याच्या डोक्यातली शिक्षेची किंमत म्हणजे पकडले जाण्याची शक्यता गुणिले शिक्षेचा आकार. १०० रुपये दंड आणि ५० टक्के शक्यता, किंवा १००० रुपये दंड आणि ५ टक्के शक्यता, दोन्हीचं उत्तर ५०च येतं. मग संघटनेला वाटणारच की माणसं लावून शक्यता वाढवण्यापेक्षा दंडाचा आकडा वाढवणं स्वस्त आहे, एक शून्य वाढवायला काय लागतं!

पण ५० आणि ५० सारखे कुणासाठी? जो फक्त सरासरी बघतो त्याच्यासाठी. भित्रा माणूस ५ टक्केवाल्या मोठ्या दंडाला जास्त घाबरतो, जुगारी माणूस ५० टक्केवाल्या छोट्याला जास्त घाबरतो, कारण त्याला उरलेले ९५ टक्के दिसत असतात. बेकरच्या भाषेत उपयुक्ततेचा वक्र वर वळत गेला तर शक्यतेतली एक टक्का वाढ ही शिक्षेतल्या एक टक्का वाढीपेक्षा जास्त टोचते (हे वाक्य डोक्यावरून गेलं तर जाऊ द्या, जुगाऱ्याचं लक्षात ठेवा). आता सतरा वर्षांच्या पोराच्या घरी पाकीट पाठवणारा माणूस यातला कोण? भित्रे आधीच गळालेले असतात, उरतात ते जुगारी. आणि आपण नेमकं त्यांना घाबरवायला आकडा वाढवतो. चौकात मामा उभा असला की सगळे झेब्राच्या मागे थांबतात, दंड किती आहे हे त्यातल्या कितीजणांना माहीत असतं?

याच्यात अजून एक गोष्ट घाला, उशीर. माणूस काय, कबूतर काय, लांबच्या गोष्टीची किंमत आपण कमी धरतो, आणि ती कमी होण्याची एक ठरावीक पद्धत आहे: मूळ किंमत भागिले (१ + क गुणिले वर्षं). 'क' म्हणजे तुमचा उतावळेपणा. समजा क ०.५ आहे, नियम मोडून फायदा ४०चा, शिक्षा ३००ची, पण येणार पाच वर्षांनी आणि शक्यता १० टक्के. ३०० भागिले ३.५ म्हणजे साधारण ८६, त्याचे १० टक्के म्हणजे ९ पण नाही. ४० विरुद्ध ९, कोण थांबेल? शिक्षा दुप्पट करा, ६००, तरी १७. आता उलटं करा, शिक्षा निम्मी, १५०च, पण एका वर्षात आणि शक्यता ५० टक्के. १५० भागिले १.५ म्हणजे १००, त्याचं निम्मं ५०. निम्म्या शिक्षेत माणूस थांबला! आकडे मी धरलेत, पण उशीर आणि शक्यता यांचं वजन असंच चालतं. बेक्कारिया नावाच्या इटालियनाने १७६४मध्येच, कुठलंही समीकरण न मांडता, सांगितलं होतं की शिक्षा लवकर आणि हमखास व्हावी, क्रूर असायची गरज नाही.

आणि एनसीएएला उशीर होणारच, कारण ती खासगी संघटना आहे, कोणाला समन्स काढून बोलवायचा अधिकार तिला नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रेजी बुशची केस बघा. २००५चा स्टार खेळाडू, त्याला नियमाबाहेर पैसे मिळाले, शिक्षा आली २०१०ला. तोपर्यंत बुश व्यावसायिक लीगमध्ये, कोच पीट कॅरल सिएटलला, आणि सीझननंतरच्या मॅचेसवरची दोन वर्षांची बंदी व ३० स्कॉलरशिपची कपात भोगली त्या पोरांनी जी २००५ला शाळेत होती.

शिवाय शक्यता आणि आकार हे दोन सुटे आकडे नाहीतच. शिक्षा भयानक असली की ती द्यायला हात धजत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये राहत्या घरातून ४० शिलिंगची चोरी केली तर फाशी होती, म्हणून ज्युरी चोरलेल्या मालाची किंमत ३९ शिलिंग लावायची. वस्तू समोर ठेवलेली, तिची किंमत सगळ्यांना माहीत, आणि निकालात ३९! एनसीएएचं तेच झालं, १९८७नंतर वरच्या डिव्हिजनच्या कुठल्याही फुटबॉल टीमला डेथ पेनल्टी मिळालेली नाही. भर चौकात फाशी द्या म्हणणाऱ्यांनी या ३९ शिलिंगचा जरा विचार करावा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही शिक्षा कोणाच्या खात्यातून वजा होते. बेकरचा माणूस स्वतःच फायदा घेतो आणि स्वतःच दंड भरतो. इथे फायदा कोचचा, दंड पुढच्या बॅचचा. मग कोचच्या गुणाकारात शिक्षेचा आकडा शून्य येतो, आणि शून्याला कितीनेही गुणा. म्हणजे निरपराध पोरांना शिक्षा करणं अन्यायाचं तर आहेच पण ती धाक म्हणूनही फुकट जाते. न्याय की जरब असा जो वाद घालतात तो या बाबतीत तरी खोटा आहे, त्यामुळे मिशिगनच्या पोरांवरची बंदी टाळली ते योग्यच. फक्त हार्बोला दिलेली शिक्षा बघा: दहा वर्षं कुठल्याही कॉलेजने त्याला घेताना अडचण, आणि तीही आधीची एक शिक्षा संपल्यावर २०२८पासून सुरू. तो कॉलेजमध्ये आहेच कुठे!

खरं काम झालं टेनेसी विद्यापीठात. २०१८ ते २०२० या काळात तिथे नियम मोडून साधारण ६०,००० डॉलरचे पैसे आणि भेटी दिल्या गेल्या, म्हणजे एसएमयूइतकेच, (पस्तीस वर्षांतल्या महागाईने बिचारे स्वस्तच झाले). एनसीएएचा निकाल जुलै २०२३ला आला, ८० लाख डॉलरच्या वर दंड, खेळायला बंदी नाही. पण विद्यापीठाने स्वतःची चौकशी २०२०च्या शेवटी सुरू केली आणि जानेवारी २०२१ला कोच जेरेमी प्रुइटला कारण दाखवून काढलं. दोन-तीन महिन्यांत, नेमक्या माणसावर. आता विद्यापीठाला एवढी तत्परता कुठून आली म्हणाल, तर नुसतं हरतोय म्हणून काढलं असतं तर करारानुसार त्याला सव्वा कोटी डॉलरच्या वर द्यायला लागले असते, आणि नियम मोडले म्हणून काढलं तर शून्य.