तोंडावर न येणारं पांघरूण

दोन-तीन आठवड्यांचं बाळ पाठीवर झोपलंय. छातीपर्यंत मऊ पांघरूण घातलंय, दोन्ही बाजूंनी नीट खोचलंय. थोड्या वेळानं ते पाय झाडतं. मग एकदम दचकतं, दोन्ही हात फाकवतं आणि पुन्हा छातीशी आणतं. या दचकण्याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. जन्मतःच असतो, चार ते सहा महिन्यांत आपोआप जातो. अशा प्रत्येक हालचालीबरोबर पांघरूण बोटभर सरकतं. कधी पायाशी जातं, कधी हनुवटीवर येतं, तिथून ओठांवर, नाकावर. मोठं माणूस झोपेतल्या झोपेत ते झटकून टाकेल. एवढ्याशा बाळाला मुठीत धरून काही बाजूला सारणं अजून यायचंय.

अंगात घालायचं पांघरूण, म्हणजे स्लीप सॅक, नेमकं एवढ्याचसाठी आहे. वरचा भाग बिनबाह्यांच्या जाकिटासारखा, खाली तळाशी बंद असलेली ऐसपैस पिशवी, मधे चेन. गळा आणि बाह्यांची भोकं बेताची असतात, म्हणून कापड वर चढत नाही. आत पाय मोकळे असतात, हवे तेवढे झाडता येतात.

पांघरूणच काढून टाकलं तर? प्रश्न रास्त आहे, कारण बाळाला थंडी लवकर बाधते. वजनाच्या मानानं त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळपास तिप्पट असतं, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि स्नायूंच्या त्या थरथरीतून ऊब मिळते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याची भट्टी वेगळी आहे. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांच्या आसपास तपकिरी मेद असतो. या पेशी चरबी जाळतात आणि ती ऊर्जा थेट उष्णतेच्या रूपात सोडतात. मात्र भट्टीचं इंधन मर्यादित असतं, आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळात ते फारच कमी. बाळाला गार लागेल ही आईबापांची धास्ती उगाच नसते.

पण अति ऊबही तितकीच वाईट, आणि माझ्या मते आपण चुकतो ते बहुतेक याच बाजूला. बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव असतं. अंग गुंडाळलेलं असताना जादाची उष्णता डोक्यातून आणि चेहऱ्यातून बाहेर पडते. त्यावर पांघरूण आलं की ती वाटही बंद. म्हणूनच जन्मानंतरचे पहिले काही तास सोडले, तर घरात झोपताना टोपडं घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंपैकी ज्यांचं कारण तपासणीतही सापडत नाही, त्यांना सिड्स म्हणतात. धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त, आणि बहुसंख्य मृत्यू पहिल्या सहा महिन्यांतले. नाकाभोवती कापड आलं की बाळ स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेऊ लागतं. कार्बन डायऑक्साइड वाढतो, ऑक्सिजन घटतो. एरवी मेंदूचा तळाचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, हे ताडतो. बाळ सुस्कारा टाकतं, मान वळवतं, जागं होऊन रडतं. काही बाळांमध्ये ही धोक्याची घंटा क्षीण असते. सिड्सनं गेलेल्या अनेक बाळांच्या मस्तिष्कस्तंभात सेरोटोनिन या संदेश पोचवणाऱ्या रसायनाच्या यंत्रणेत दोष आढळले आहेत. 1994 मध्ये फिलियानो आणि किनी या संशोधकांनी याची मांडणी केली: मुळातली अशी नाजूक अवस्था, पहिल्या महिन्यांचं अडनिडं वय आणि बाहेरचा ताण, या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून आल्या की घात होतो. कोणत्या बाळाची घंटा क्षीण आहे हे बघून कळत नाही. वय थांबवता येत नाही. हातात उरतो तो बाहेरचा ताण: पालथं झोपवणं, तोंडावर येणारं कापड, जास्त ऊब, सिगारेटचा धूर.

यातलं पालथं झोपवणं अनेक देशांत कित्येक वर्षं डॉक्टरच सुचवत होते. उताणं बाळ उलटी झाली तर गुदमरेल, ही त्यामागची भीती. शरीराची रचना उलटं सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्याखाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढ चढावा लागतो. पालथं झालं की उतार श्वासनलिकेकडेच होतो. ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली बाळाला पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्या. अमेरिकेत सिड्सचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं. ना औषध, ना यंत्र. नुसती कूस बदलली. 2005 साली एका आढाव्यात दिसलं की पालथं झोपवण्याचा धोका 1970 पर्यंतच्या माहितीवरूनही ओळखता आला असता. हे वाचताना मन विषण्ण होतं.

सॅक घेताना माप वजनावरून बघावं. बाळ वाढेल म्हणून दोन नंबर मोठी घेऊ नये. गळ्यातून डोकं आत घसरलं तर सगळा हेतूच बुडाला. मागं टोपी शिवलेली सॅक नको. कापडाची ऊब ‘टॉग’मध्ये मोजतात. हे उष्णतेला होणाऱ्या अडथळ्याचं माप आहे. आकडा जितका मोठा तितकी सॅक उबदार. खोली साधारण 20 ते 24 अंश सेल्सिअस असेल तर 1 टॉग, त्याहून उकाडा असेल तर 0.5, असा ढोबळ हिशेब. हातापायांवरून अंदाज बांधू नका, ते बहुधा गारच लागतात. मानेच्या मागे दोन बोटं सरकवून बघा. तिथं घाम असेल तर एक कपडा कमी करा.

वजनदार मणी भरलेल्या सॅक मात्र घेऊच नयेत. अमेरिकी बालरोग अकादमीनं 2022 च्या मार्गदर्शनात त्यांना स्पष्ट नकार दिलाय. बाळाला दुपट्यात गुंडाळणं यापेक्षा वेगळं. त्यानं दचकणं कमी होतं, पण पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा बिघडतो. जपानमध्ये 1975 पासून बाळाचे पाय असे ताणू नयेत याचा प्रसार झाला आणि खुबे निखळण्याचं प्रमाण खूप घटलं.

सॅक घातली म्हणून बाकी काही सैल सोडता येत नाही. गादी सपाट आणि टणक हवी. उशी, लोड, मऊ खेळणी, कडेची गुबगुबीत झालर काहीच नको. रिकामा बिछाना बघून जीव कळवळतो, तरी तो रिकामाच ठेवावा. बाळाची झोपायची जागा पहिले सहा महिने तरी आईबाबांच्याच खोलीत असावी. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी लागणं फार धोक्याचं. डोळे मिटायला लागले की आधी त्याला त्याच्या जागी ठेवा.

बाळ कुशीवर वळायची धडपड करू लागलं की दुपट्यात गुंडाळणं त्याच दिवशी बंद. बांधलेल्या हातांनी पालथं झालेल्या बाळाला छाती उचलता येत नाही. सॅकमध्ये हात मोकळे असतात, म्हणून ती पुढेही चालते. झोपवताना मात्र दर वेळी पाठीवरच. उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं असं दोन्हीकडे त्याला स्वतःहून वळता येऊ लागलं, की रात्री उठून सारखं सरळ करत बसायची गरज नाही.