वेदरिंग नेमकं कशाचं? मॉडेल इंजिनांच्या मळाची पार्श्वभूमी

मॉडेल रेल्वेच्या ब्रिटिश कॅटलॉगांत हल्ली एकच इंजिन दोनदा दिसतं. एकदा चकचकीत आणि एकदा पुढे 'वेदर्ड' असा शब्द लावून, म्हणजे कारखान्यातूनच मळवून आलेलं. विकत घेतलेलं इंजिन मुद्दाम मळवायचं, त्याचा नंबर खोडून दुसरा लावायचा हा उद्योग पूर्वी ज्याने त्याने आपापल्या टेबलावर करायचा होता. तो कारखान्याने हाती घेतल्यापासून हौशी मंडळींत जी कुरबुर सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. भांडणाचं मूळ मात्र किमतीत नाही, त्या शब्दात आहे.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. १८९१ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापं घेऊन जी पत्र्याची इंजिनं आली, त्यांना चमक शोभत होती, कारण ती खेळणीच होती. शिवाय तेव्हाची खरी इंजिनंही चकाचक असत. ब्रिटनमध्ये ड्रायव्हर व्हायला निघालेला पोरगा आधी क्लीनर म्हणून लागायचा आणि तेलाच्या बोळ्याने बॉयलर पुसण्यात त्याची उमेदवारी जायची. माणूसबळ स्वस्त, म्हणून इंजिन स्वच्छ. त्यामुळे १९३८ साली हॉर्नबी डब्लोची ओओ (१:७६) मापाची छोटी इंजिनं बाजारात आली तेव्हा त्यांच्या चकाकीत कुणाला काही खटकलं नाही.

खटकायला लागलं ते युद्धानंतर. क्लीनर मिळेनात, मिळाले तर टिकेनात. साठच्या दशकात तर वाफेची इंजिनं काजळीने इतकी माखलेली असत की मूळ रंग हिरवा की काळा ते कळायचं नाही. चोरीच्या भीतीने पितळी नेमप्लेटी आधीच उतरवलेल्या, काहींचे नंबर नुसते रंगाने रेखलेले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश मुख्य मार्गांवरची वाफ संपली. फलाटाच्या टोकाला वही घेऊन नंबर टिपणारी जी पोरं होती ती सत्तरच्या दशकात कमावती झाली, त्यांनी मॉडेलं घेतली, आणि डब्यातून निघालेलं झगझगीत इंजिन त्यांना ओळखीचंच वाटेना. त्यांच्या आठवणीतलं इंजिन मळकं होतं. वेदरिंगची हौस या पिढीने वाढवली असं माझं मत आहे, आणि ते ब्रिटनपुरतं आहे. अमेरिकेत हे आधीच चालू होतं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी एका व्यावसायिक छायाचित्रकाराने आपल्या तळघरातल्या रेल्वेवर विटका रंग, गंज आणि धूळ इतकी बेमालूम चढवली होती की फोटो पाहून फसायला होई. (त्याच्याकडे शंटिंगसाठी, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायला, एक मॉडेल डायनासोरही होता, पण ते असो.) १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि काही दिवसांतच आग लागून ती रेल्वे जळाली. मागे उरले ते फोटो. पुढच्या दोन पिढ्या त्या फोटोंवरच शिकल्या.

नंबर बदलण्याची कथा वेगळी आहे आणि तिच्यात रंगापेक्षा कागदपत्रं जास्त. ब्रिटनचा क्लास ३७ हा डिझेल इंजिनांचा वर्ग घ्या. १९६० ते १९६५ दरम्यान ३०९ इंजिनं बांधली गेली. पहिल्या ११९ इंजिनांच्या नाकावर गाडीचा क्रमांक दाखवणाऱ्या पेट्या दोन, डावी-उजवीकडे, मध्ये दरवाजा. नंतरच्यांना मधोमध एकच पेटी. म्हणजे तुमच्या मॉडेलला दोन पेट्या असतील तर नंबरही त्या पहिल्या ११९ मधलाच हवा. इथपर्यंत सोपं आहे. १९७३-७४ मध्ये संगणकासाठी नवे पाच आकडी नंबर आले आणि जुन्या नंबरांतलं डी ६७०१ झालं ३७००१, डी ६७०२ झालं ३७००२. मग डी ६७०० चं काय? ३७००० हा आकडा त्या व्यवस्थेत बसत नव्हता, म्हणून त्याला शेवटाला नेऊन ३७११९ दिला. पण ३७११९ वर खरा हक्क डी ६८१९ चा. त्याला दिला ३७२८३, कारण डी ६९८३ हे इंजिन १९६५ च्या डिसेंबरात वेल्समध्ये अपघातात गेलं होतं आणि त्याची जागा रिकामी होती. असा हा एका अपघाताने सुटलेला गुंता. ज्याला हे ठाऊक नसतं तो मधल्या एका पेटीच्या मॉडेलवर ३७११९ चिकटवतो, आणि मग प्रदर्शनात कुणीतरी म्हातारबुवा नाक टेबलाला लावून 'हं' म्हणतात.

चिकटवण्याचं काम तसं किरकोळ. इयरबडला थिनर लावून छापील आकडा हळूहळू चोळायचा, उरलेली कड लाकडी दातकोरणीने खरवडायची, जागा चमकदार वार्निशने गुळगुळीत करायची, मग पाण्यात सुटणारं ट्रान्स्फर, म्हणजे नव्या आकड्याचा छापील पापुद्रा, सरकवून बसवायचं. गुळगुळीत का, तर खरबरीत मॅट पृष्ठभागावर ट्रान्स्फरखाली हवा अडकते आणि आकड्याभोवती चंदेरी कडा दिसते. ऐंशीच्या दशकात यात खिडक्यांची भर पडली. तेव्हाच्या साच्यांत काचा खोल, विहिरीच्या तळाशी असाव्यात तशा. त्या काढून कडेला भिडणाऱ्या पातळ काचा बसवल्या की तेच इंजिन एकदम जागं झाल्यासारखं दिसे. नव्वदच्या दशकात ब्रिटिश रेल्वेचं खासगीकरण झालं, नव्या कंपन्या आणि त्यांचे नवे रंग आले, आणि रंग-ट्रान्स्फर विकणाऱ्यांची चांदी झाली.

आता तो शब्द. 'वेदरिंग' म्हणजे उन्हावाऱ्याचा परिणाम. पण इंजिनावरचा बहुतेक मळ उन्हावाऱ्याचा नसतोच. बोगीवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, जो तपकिरी थर बसतो तो ओतीव लोखंडाच्या ब्रेक ब्लॉकची झीज आहे. तो चाकांपाशी दाट असतो आणि खालून वर विरळ होत जातो. छपरावरची काजळी धुरांड्याची. डिझेल टाकीच्या तोंडाखालचा ओला काळा डाग भरताना सांडलेल्या इंधनाचा. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवरून उतरणारे पांढरे ओघळ गळक्या सांध्यांतून आलेल्या क्षाराचे. आणि १९६५ नंतरच्या निळ्या डिझेलांवर जो खडूसारखा फिकटपणा दिसतो, त्यात उन्हाइतकाच वॉशिंग प्लँटमधल्या रसायनांचा हात आहे. म्हणजे इंजिन धुतल्यामुळे विटलं! याला हवामान कसं म्हणायचं?

जर्मन हौशी लोक याला 'आल्टेरुंग' म्हणतात, म्हणजे वय चढवणं, किंवा नेमकं बोलायचं तर 'बेट्रीब्सश्पूरेन', म्हणजे कामाच्या खुणा. फ्रेंचांकडे 'पातिन' आहे, जो शब्द जुन्या पितळेलाही चालतो. यांतला जर्मनांचा दुसरा शब्द सगळ्यांत प्रामाणिक. वयाने मळ ठरत नाही, कामाने ठरतो. शेडमधून रंगून निघालेलं इंजिन तीन आठवडे खडीच्या गाड्या ओढून आलं की वीस वर्षं शंटिंग करणाऱ्यापेक्षा कळकट दिसू शकतं. इंग्रजी शब्द मात्र जगभर पसरला, आपल्याकडेही तोच आला, आणि त्याच्याबरोबर गैरसमजही आला की ही सगळी एकच प्रक्रिया आहे.

मराठीत हा घोळ व्हायला नको होता. आपल्याकडे रंग विटतो, हात लागून कठडा मेणचट होतो, धुराने काजळी धरते, पावसाने ओघळ उतरतात, पत्रा गंजतो, रंगाच्या खपल्या निघतात. सहा गोष्टींना सहा वेगळे शब्द आहेत आणि मॉडेलवर त्या प्रत्येकीचं तंत्रही वेगळं आहे. विटवायचं तर मूळ रंगात थोडा पांढरा-करडा मिसळून अत्यंत पातळ फवारा. काजळीला एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) किंवा पावडर. ओघळांसाठी इनॅमल रंग लावून तो वाळायच्या आत थिनरने ओलसर केलेल्या सपाट ब्रशने वरून खाली पुसायचं, आडवं कधीच नाही. मेणचटपणाला किंचित चमक लागते. खपल्यांसाठी मीठ किंवा हेअरस्प्रे, ही युक्ती रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांकडून आली. पण आपण हे सगळं 'वेदरिंग' या एका पोत्यात भरलं आणि 'किती वेदरिंग केलंय?' असं विचारायला लागलो. खरं तर विचारायला हवं, कोणतं केलंय?

कारखान्याच्या वेदरिंगवरचा आक्षेप इथूनच निघतो. मॉडेलांचं उत्पादन चीनमध्ये गेलं, छपाई कमालीची रेखीव झाली आणि पाठोपाठ 'वेदर्ड' आवृत्त्या सर्रास निघू लागल्या. सुरुवातीच्या कितीतरी मॉडेलांवर काम काय, तर कमरेखाली एकसारखा तपकिरी फवारा आणि छपरावर काळा पट्टा. उत्पादकांची बाजू अशी की ज्याच्याकडे एअरब्रश नाही, वेळ नाही, हात थरथरतो, त्याला निदान प्लॅस्टिकची चमक घालवलेलं इंजिन मिळतं. ही बाजू खोटी नाही. संग्राहकांचं म्हणणं निराळंच. त्यांच्या लेखी हाताने मळवलेलं मॉडेल म्हणजे बिघडवलेलं मॉडेल, डबा शाबूत असला तरी किंमत उतरते. कारखान्याने मळवलेलं चालतं, कारण ते कॅटलॉगात आहे.

माझा आक्षेप मळाच्या प्रमाणाला नाही, त्याच्या अनामिकपणाला आहे. एकच फवारा वेल्समधल्या कोळशाच्या इंजिनावर आणि लंडनहून पॅसेंजर ओढणाऱ्या इंजिनावर कसा चालेल? आणि त्या फवाऱ्याची एक खूण मी आता लांबून ओळखतो. चाकं स्थिर ठेवून रंग मारलेला असतो, त्यामुळे चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या जोडदांड्याच्या मागे चाकावर दांड्याच्या आकाराची स्वच्छ सावली राहते. इंजिन चार इंच पुढे गेलं की ती सावली चाकाबरोबर फिरते. फवारताना चाकं फिरती ठेवायची, एवढंच करायचं असतं. बॅटरीच्या दोन तारा लावल्या की झालं.

ब्रिटिश मंडळींच्या टेबलावर एक मिश्रण वर्षानुवर्षं दिसतं. हंब्रॉल या रंगांच्या कंपनीचा मॅट काळा ३३, चामड्याचा तपकिरी ६२ आणि गनमेटल २७००४. तिघांचं प्रमाण बदलत गेलं की चाकांपासून धुरांड्यापर्यंतचे बरेचसे मळ यातून निघतात. निव्वळ काळा मात्र वापरायचा नाही. १:७६ मापाचं इंजिन मीटरभरावरून पाहणं म्हणजे खरं इंजिन ७६ मीटरवरून पाहणं, आणि तेवढ्या अंतरावर काळा काळा दिसत नाही, करडा दिसतो. अमेरिकेत याच कामाला तयार रंगांची एक जुनी मालिका होती. २०१३ मध्ये ती बंद झाली तेव्हा लोकांनी बाटल्या साठवून ठेवल्या. झाकण घट्ट बसलं नाही की त्या आटतात, हे साठवणाऱ्यांना नंतर कळलं.

भारतीय इंजिनं करणाऱ्यांचा प्रश्न एक पायरी अलीकडे सुरू होतो. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मापात त्याचे १९.२६ मिलिमीटर होतात, आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा. म्हणजे इंजिन नीट मापाचं करा, ते अरुंद रुळावर उभं राहणारच. बहुतेकांनी ही तडजोड मुकाट्याने मान्य केली आहे. अल्को या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाच्या बाबतीत एक सोय झाली. १९६२ पासून आयात झालेलं आणि १९६४ पासून वाराणसीत बांधलेलं हे २६०० अश्वशक्तीचं इंजिन ज्या असमान अंतराच्या तीन आसांच्या बोगीवर चालायचं, तीच बोगी काही अमेरिकन अल्कोंना होती. त्यांचं मॉडेल घ्यायचं, वरचं कवच काढायचं, भारतीय कवच चढवायचं. पूर्वी ते प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापत, आता थ्रीडी प्रिंट करतात. त्यामुळे 'कस्टमाइज' हा शब्दही इथे उलटा होतो. तिकडे तयार इंजिन बदलायचं असतं, इथे बहुतेकदा मुळात इंजिनच नसतं.

पण मळाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. डब्ल्यूडीएम-२ ने नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, वाढवला की टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) वेग घेईपर्यंत काळा लोट निघायचा, तेव्हा धुरांड्याभोवतीच्या काजळीत हात आखडता घेण्याचं कारण नाही. कल्याण शेडचं इंजिन वेगळं, पुण्याच्या घोरपडी शेडचं वेगळं, अंगावर शेडचं नाव लिहिलेलं, पट्ट्यांचे रंग वेगळे. कोकण रेल्वेवरचं करायचं असेल तर तपकिरी बाजूला ठेवून जांभ्याची तांबूस धूळ घ्यावी. कर्जत-लोणावळा किंवा कसारा-इगतपुरी घाटातलं, १:३७ चढावर गाडीला मागून रेटणारं बँकर करायचं असेल तर ब्रेकची भुकटी सढळ हाताने. एकच इशारा: हे काम जुलैत करू नये. मुंबईच्या दमट हवेत फवारलेलं मॅट वार्निश वाळताना पांढरं पडतं. माझं एक अख्खं इंजिन असं बुरशी आल्यासारखं झालं होतं आणि ते पुन्हा उघडं करून रंगवावं लागलं.

अडचण आहे ती संदर्भाच्या फोटोंची. मुंबईतली १५०० व्होल्टची डीसी वीज २०१६ मध्ये हार्बर मार्गावरून शेवटची गेली, आणि फक्त तिच्यावर चालणारी इंजिनं तर त्याआधीच रुळांवरून उतरली होती. 'खेकडा' म्हणून ओळखल्या गेलेल्या जुन्या डब्ल्यूसीजी-१ या विजेच्या इंजिनाचे फोटो मिळतात ते बहुतेक संग्रहालयातले, म्हणजे नव्याने रंगवलेले, बोगीपर्यंत स्वच्छ. त्यांच्या बाजूंवरून काय ओघळायचं, तारेतून वीज घेणाऱ्या पँटोग्राफखाली छपरावर कसला थर असायचा, हे ज्यांनी टिपलं त्यांचे फोटो घरोघरच्या अल्बमांत आहेत. बहुतेकांत इंजिन मागे आहे आणि पुढे लोणावळ्याच्या फलाटावर चिक्कीची पिशवी धरून उभे असलेले काका.