पिनवरच्या दिव्याला किती करंट पुरतो?

पाच मिलिमीटरच्या एलईडीची डेटाशीट (कंपनीचे तांत्रिक माहितीपत्रक) उघडली की २० मिलिअँपिअर हा आकडा दिसतो आणि बहुतेक जण तोच धरून करंटला आवर घालणाऱ्या रेझिस्टरचे मूल्य काढतात. खरे तर त्या करंटवर दिव्याची चमक मोजलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. आजचा साधा एलईडी घरातल्या उजेडात एक-दोन मिलिअँपिअरवरही स्वच्छ दिसतो. पॅनलवर ‘सप्लाय आहे’ किंवा ‘मोटर चालू’ इतकेच कळायला हवे असेल, तर दिव्याला किती चालेल हे बाजूला ठेवून आधी तो ज्या मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या चिपच्या) पिनला जोडायचा, तिला किती झेपेल ते पाहावे.

हे प्रत्येक चिपचे वेगळे असते. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पीमध्ये एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, पण ती चिप निकामी होऊ नये म्हणून घातलेली लक्ष्मणरेषा. तिथे रोज वावरायचे नसते. आउटपुट व्होल्टेजची हमी २० पर्यंतच आहे. शिवाय व्हीसीसी (सप्लाय) आणि ग्राउंडच्या पिनांसाठी २०० ची मर्यादा आहे, म्हणजे प्रत्येकी २० चे दहा दिवे लावले की हिशेब संपला. ईएसपी८२६६ या वाय-फायवाल्या चिपची पिन १२ वर थांबते. रास्पबेरी पाय पिको बोर्डावरच्या आरपी२०४०मध्ये पिनची ताकद २, ४, ८ किंवा १२ अशी प्रोग्रामने निवडता येते. काहीच निवडले नाही तर ४, आणि सगळ्या पिनांची बेरीज ५० च्या आत ठेवावी लागते.

काही पिना करंट देण्यात दुबळ्या आणि ओढून घेण्यात बऱ्या असतात. कॉलेजांत शिकवल्या जाणाऱ्या ८०५१ घराण्यातली एटी८९एस५२ घ्या. पोर्ट १, २ आणि ३ च्या पिनेवर १ (‘हाय’) लिहिले तर ती जेमतेम काही मायक्रोअँपिअर देते. ० (‘लो’) लिहिले तर १० मिलिअँपिअरपर्यंत ग्राउंडकडे जाऊ देते (सगळ्या पोर्टांची बेरीज मात्र ७१ च्या आत). म्हणून तिथे एलईडीचा लांब पाय रेझिस्टरमधून ५ व्होल्टला आणि आखूड पाय पिनेला जोडतात. दिवा ० वर पेटतो, १ वर विझतो. ‘ब्लू पिल’ बोर्डावरचा पीसी१३ या पिनेचा दिवा उलटा चालतो त्यामागे हेच कारण आहे: एसटीएम३२एफ१०३ची ती पिन फक्त ३ मिलिअँपिअर झेपवते आणि तिच्यातून एलईडीला करंट पुरवू नये, असे डेटाशीटमध्येच बजावलेले आहे.

आता रेझिस्टर. लाल दिव्यावर साधारण २ व्होल्ट पडतात, हिरवट-पिवळ्यावरही जवळपास तेवढेच. निळा, पांढरा आणि गडद हिरवा यांच्यावर ३ च्या आसपास. ५ व्होल्टमधून २ वजा केले, उरले ३. १० मिलिअँपिअर हवे असतील तर ३ ÷ ०.०१ = ३०० ओहम; बाजारात सहज मिळतो ३३० (नारिंगी, नारिंगी, तपकिरी), त्यातून ९ मिलिअँपिअर जातात. त्याऐवजी १ किलोओहम (तपकिरी, काळा, लाल) लावला तर ३ जातात, आणि पॅनलवरच्या दिव्याला ते भरपूर झाले. गडद हिरवा दिवा तेवढ्याच करंटवर लालपेक्षा कितीतरी भगभगीत दिसतो, कारण डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील आणि तो एलईडीही कार्यक्षम. त्याला ४.७ किलोओहम लावून बघा, जोडी बरीचशी जुळते. पाव वॅटचा रेझिस्टर या सगळ्याला पुरतो. ३३० ओहममध्येही ३० मिलिवॅटपेक्षा कमी उष्णता तयार होते.

रेझिस्टर गाळला तरी दिवा लागतो, आणि फसगत तिथेच होते. तेव्हा करंटला आवर घालायला पिनेच्या आतल्या ट्रान्झिस्टरचा काही दशक ओहमांचा रोध तेवढा उरतो आणि ४० ची मर्यादा सहज ओलांडली जाते. ‘पीडब्ल्यूएमने (दिवा झपाट्याने चालू-बंद करून) चमक कमी ठेवली आहे, मग चालेल’ हा युक्तिवादही टिकत नाही; सरासरी करंट कमी झाला तरी प्रत्येक पल्समध्ये पूर्ण करंट वाहतोच.

रेझिस्टर वाचवायला तीन-चार दिव्यांना मिळून एकच लावणे हीसुद्धा खोटी काटकसर. एक दिवा पेटतो तेव्हा लख्ख, चारही पेटले की मंद. त्यात लाल आणि निळा शेजारी असतील तर लाल दिवा व्होल्टेज २ वरच धरून ठेवतो आणि निळा पेटतच नाही.

उनोवर दिवा अगदी मिणमिणता लागत असेल तर आधी प्रोग्राम तपासा. पिनमोड या आज्ञेत आउटपुट लिहायचे राहिले असेल तर हाय लिहिल्यावर फक्त आतला २० ते ५० किलोओहमचा पुलअप (पिनेला सप्लायकडे ओढणारा रेझिस्टर) जोडला जातो आणि दिव्याला ०.१ मिलिअँपिअरच्या आसपास मिळते.

याउलट, विझायलाच तयार नसलेला दिवा बहुधा व्होल्टेजच्या विसंगतीने जळत असतो. १२ व्होल्टकडून दिवा आणून ५ व्होल्टच्या पिनेला जोडला तर पिन हाय असतानाही ७ व्होल्टचा फरक उरतो, आणि करंट पिनेतून उलटा चिपच्या सप्लायमध्ये घुसतो. इथे बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर घाला: पिनेपासून बेसला ४.७ किलोओहम, एमिटर ग्राउंडला, कलेक्टरला दिवा आणि १ किलोओहम. सात दिवे असतील तर यूएलएन२००३ची एक आयसी बरी, बेसचे रेझिस्टर तिच्या आतच असतात.

ईएसपी८२६६वर पिन निवडतानाही जपावे. जीपीआयओ० आणि जीपीआयओ२ या पिना बोर्ड सुरू होताना हाय असाव्या लागतात. तिथून ग्राउंडकडे लाल दिवा लावला की व्होल्टेज दोनच्या खाली ओढले जाते आणि बोर्ड प्रोग्राम चालवण्याऐवजी अडून बसू शकतो. या दोन पिनांवर दिवा ३.३ व्होल्टकडून आणावा. जीपीआयओ१५चे उलट: ती लो हवी, म्हणून तिचा दिवा ग्राउंडकडेच.