स्टॅटिक फाइलच्या कॉन्फिगमधल्या ओळी आल्या कुठून?

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये स्टॅटिक फाइल (जशाच्या तशा पाठवायच्या सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं) वाढायची कॉन्फिग जेमतेम दहा-बारा ओळींची असते: रूट, सेंडफाइल, एक्सपायर्स (कॅशची मुदत), जीझिप (फाइल आवळणं). बहुतेक जण ती जुन्या प्रोजेक्टमधून उचलून चिकटवतात आणि ती चालतेही. बिनसली की मात्र कुठली ओळ कशासाठी आली होती, हे माहीत असावं लागतं.

1990 च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये पहिला वेब सर्व्हर चालवला. पुढे एनसीएसए या अमेरिकी संगणन केंद्राचा सर्व्हर रॉब मॅककूल यांनी लिहिला आणि त्यावर ठिगळं लावत 1995 मध्ये अपाची उभा राहिला. पत्त्यातला मार्ग डिस्कवरच्या फोल्डरला जोडायचा, ही डॉक्युमेंटरूट आणि अलायसची कल्पना त्या काळातली. आजही सगळ्यात जास्त 404 (फाइल सापडत नाही) इथेच येतात. लोकेशन (नियम पत्त्याच्या कुठल्या भागाला लागू, ते) ‘/स्टॅटिक/’ असेल तर रूट तो मार्ग आपल्यामागे जोडतो, अलायस त्या जागी दुसरा मार्ग ठेवतो. म्हणून रूटमध्ये ‘/साइट/स्टॅटिक’ लिहिलं की सर्व्हर ‘/साइट/स्टॅटिक/स्टॅटिक/लोगो.पीएनजी’ शोधत बसतो. एरर लॉगमध्ये तो पूर्ण मार्ग छापून येतो, तो आधी वाचावा. अलायस वापरताना लोकेशनच्या शेवटचा स्लॅश गाळला आणि अलायसच्या शेवटी ठेवला, तर ‘/स्टॅटिक../’ मागून कुणीही एक पायरी वरच्या फोल्डरमधल्या फाइल वाचू शकतो. 404 परवडला, हे नाही.

अपाची तेव्हा दर कनेक्शनला एक आख्खी प्रोसेस देत असे. 1.3 आवृत्तीत युनिक्सवर मर्यादा 256 प्रोसेसची आणि कीप-अलाइव्हची (कनेक्शन पुढच्या मागणीसाठी उघडं ठेवायची) मुदत 15 सेकंद. मोडेमवरून रांगत फाइल उतरवणारे अडीचशे लोक आले की सर्व्हर भरला, मग सीपीयू रिकामा का असेना. 1999 मध्ये डॅन केगल यांनी हा प्रश्न ‘सी10के’ नावाने मांडला: एका मशीनवर दहा हजार कनेक्शन. अनेक कनेक्शनवर एकदम नजर ठेवायला लिनक्समध्ये इपोल, फ्रीबीएसडीत केक्यू आलं, आणि 2004 मध्ये इगोर सिसोयेव यांनी एन्जिनएक्स खुलं केलं. त्यात एकच वर्कर प्रोसेस हजारो कनेक्शन सांभाळतो.

सेंडफाइल त्याच वळणावरचं. आधी फाइल कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) प्रोग्रॅमच्या मेमरीत यायची आणि तिथून पुन्हा सॉकेटसाठी कर्नलमध्ये जायची. सेंडफाइलने ही फेरी वाचवली. पण व्हर्च्युअलबॉक्सच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) शेअर्ड फोल्डरमध्ये ते नीट चालत नाही: सीएसएस बदललं तरी जुनंच दिसतं, कधी अर्धवट येतं. तिथे सेंडफाइल ऑफ करणं हाच उपाय. ब्राउझरचा कॅश पुसून काही होत नाही.

कॅशचं दुखणं सगळ्यात जुनाट. आधी ब्राउझरला ‘या वेळेनंतर बदललीय का?’ एवढंच विचारता यायचं, तेही सेकंदाच्या अचूकतेने. 1997 च्या एचटीटीपी 1.1 ने ईटॅग दिला: फाइलच्या आवृत्तीची खूण. अपाची 2.2 पर्यंत तो ईटॅग बनवताना इनोडचा (डिस्कवरच्या फाइलच्या नोंदीचा) आकडाही धरत असे. त्यामुळे लोड बॅलन्सरमागे (मागण्या वाटून देणाऱ्यामागे) दोन सर्व्हर असले की एकाच फाइलचे दोन ईटॅग, आणि 304 (‘बदल नाही’) ऐवजी पुन्हा पूर्ण फाइल. 2.4 मध्ये इनोड गाळला.

खरी सुटका झाली ती फाइलच्या नावातच हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) घालायला लागल्यावर. 2011 च्या रेल्स 3.1 या वेब फ्रेमवर्कने ती सवय घराघरात नेली. मजकूर बदलला की नावच बदलतं, मग मॅक्स-एज (कॅशमध्ये ठेवायची मुदत) 31536000 सेकंद, म्हणजे वर्षभर, बिनधास्त द्यावं. जोडीला इम्यूटेबल लिहिलं की तो शब्द ओळखणारा ब्राउझर रीलोडलाही विचारपूस करत नाही. इंडेक्स.एचटीएमएलच्या नावात मात्र हॅश नसतो, त्याला नो-कॅशच (दर वेळी सर्व्हरला विचारून घेणं) हवं. तिथे वर्षभराची मुदत लागली, तर डिप्लॉयनंतर जुनं पान पुसून टाकलेल्या जावास्क्रिप्ट फाइल मागत राहतं आणि लोकांना कोरी स्क्रीन दिसते. आणखी एक खोच: एन्जिनएक्समध्ये लोकेशनच्या आत एक ॲड-हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना घालणारी ओळ) लिहिला की वरच्या पातळीवरचे सगळे ॲड-हेडर तिथे गळतात. कॅशचा हेडर घालताना सुरक्षेचे हेडर असेच गायब होतात.

वाटपाचा प्रश्न मशीनबाहेर नेला तो 1998 मध्ये एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांच्या अकामायने: फाइल वाचकाजवळच्या सर्व्हरवरून द्यायची. ब्राउझर एका होस्टशी मोजकीच कनेक्शन उघडतात, म्हणून पुढे लोकांनी स्टॅटिक1, स्टॅटिक2 असे सबडोमेनही पाडले. 2015 च्या एचटीटीपी 2 मध्ये एकाच कनेक्शनवरून अनेक फाइल सोबत येतात. तरी ते सबडोमेन जुन्या कॉन्फिगमध्ये अजून सापडतात, आणि प्रत्येकापायी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) नि टीएलएसची (कनेक्शन सुरक्षित करण्याची) एकेक फुकटची फेरी पडते.