शाळेपासून अडीच हजार फुटांवर राहा म्हणे, पण धोका फुटपट्टीने मोजता येतो का?

अमेरिकेत लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्यांवर नजर ठेवायचं काम बहुतेक करून राज्यांकडे असतं, आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. फ्लोरिडात यातल्या बऱ्याच जणांना शाळेपासून 1000 फुटांच्या आत घर घेता येत नाही, मायामीकडे 2005 नंतर तेच अंतर 2500 फूट केलं. नकाशावर गोल काढत गेलं तर परवडेल असं घरच उरेना, मग ही माणसं जुलिया टटल नावाच्या खाडीपुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. पायातला जीपीएस पट्टा चार्ज करायला तिथे जनरेटर लावायचे! ती वस्ती 2010 मध्ये हटवली.

आता याचा उपयोग किती? मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने 2007 मध्ये, सुटल्यावर परत लैंगिक गुन्हा करून आत आलेल्या 224 जणांची एकेक केस तपासली, की घराच्या अंतराचा नियम असता तर हा गुन्हा टळला असता का. उत्तर आलं, एकही नाही. कारण मुलांपर्यंत पोचायचा रस्ता बऱ्याचदा ओळखीतूनच जातो, म्हणजे मुलाच्या आईशीच आधी संबंध जोडायचा वगैरे. आणि अनोळखी मूल गाठायचं असेल तर माणूस स्वतःच्या गल्लीत कशाला करेल, तिथे त्याला सगळे ओळखतात.

मग धोका ओळखायचा कसा? त्यासाठी स्टॅटिक-99आर नावाचा 10 मुद्द्यांचा फॉर्म आहे, वय किती, आधीचे गुन्हे किती, पीडित अनोळखी होता का, असले साधे प्रश्न, त्याचा स्कोअर निघतो. कॅलिफोर्नियात हा स्कोअर घेऊन पॅरोल ऑफिसर (सुटलेल्यांवर देखरेख करणारा अधिकारी), थेरपिस्ट आणि पॉलिग्राफवाला, म्हणजे खोटं पकडायचं मशीन चालवणारा, असे तिघं मिळून एका माणसावर लक्ष ठेवतात (पॉलिग्राफच्या अचूकतेबद्दल शास्त्रज्ञांना शंका आहे, पण मशीन समोर दिसलं की लोक आपणहून बोलतात, खरा फायदा तो).

यात वेळेचा मुद्दा फार कमी लोक बोलतात. 7740 गुन्हेगारांवरच्या 2014 च्या एका अभ्यासात जास्त धोक्याच्या गटात, सुटल्यानंतरच्या 5 वर्षांत परत गुन्हा करणारे 22 टक्के निघाले, पण 10 वर्षं नीट राहिलेल्यांमध्ये तेच प्रमाण 4.2 टक्क्यांवर आलं. तरी कॅलिफोर्नियाचं रजिस्टर, म्हणजे लैंगिक गुन्हेगारांची सरकारी नोंद, 1947 पासून सगळ्यांना जन्मभर चिकटायचं, लहानमोठा गुन्हा बघायचाच नाही. अखेर जानेवारी 2021 पासून तिथे 10 वर्षं, 20 वर्षं आणि जन्मभर असे तीन टप्पे केलेत.