किशोरवयीनांची शिष्यत्व शिबिरे

ख्रिस्ती युवासेवेतील एक निवासी उपक्रम. साधारणपणे पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना शनिवार-रविवारला जोडून दोन ते तीन दिवस एकत्र ठेवतात. प्रवचने, गटचर्चा, प्रार्थना आणि उपासना यांतून त्यांची ख्रिस्ताच्या अनुयायित्वाशी व्यक्तिगत ओळख व्हावी, हा हेतू असतो. कॅथलिक, मेथडिस्ट, एपिस्कोपल, लुथरन आणि बॅप्टिस्ट या सर्व पंथांत ही शिबिरे भरतात, पण त्यांचे मूळ एक नाही. जेझुइट धर्मसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधने’वर (पोपची मान्यता १५४८) आधारलेल्या मौनव्रती रिट्रीटहून (एकांत साधना-शिबिराहून) त्यांची जातकुळी वेगळी आहे. तेथे एकांत आणि मौन महत्त्वाचे, तर येथे गट आणि समवयस्कांचे अनुभवकथन.

उगम : यांतील सर्वांत प्रभावी धारा स्पेनमधील मायोर्का बेटावरच्या ‘कुर्सियो’ म्हणजे छोट्या अभ्यासवर्गातून निघाली. स्पॅनिश कॅथलिक अ‍ॅक्शन या सामान्य श्रद्धावंतांच्या संघटनेच्या युवक शाखेने सान्तियागो दे कोम्पोस्तेला या स्पेनमधील तीर्थक्षेत्राच्या महायात्रेचा संकल्प सोडला होता. यादवी युद्धामुळे (१९३६–३९) ती लांबली आणि अखेर ऑगस्ट १९४८ मध्ये पार पडली. मधल्या काळात यात्रेच्या पूर्वतयारीसाठी तरुणांचे आठवडाभराचे वर्ग भरत. एदुआर्दो बोनीन (१९१७–२००८) हा तरुण १९४३ मध्ये अशा एका वर्गाला बसला होता.

पहिला खरा कुर्सियो कोणता, यावर मात्र एकमत नाही. एका मतानुसार तो ७ ते १० जानेवारी १९४९ या दिवसांत रांदा डोंगरावरील सान ओनोरात मठात झाला. बिशप हुआन एर्वास (मायोर्का येथे १९४७–५५) यांच्या आश्रयाने झालेल्या या वर्गापासूनच क्रमांक मोजले जातात. दुसरे मत स्वतः बोनीन यांचे. ऑगस्ट १९४४ मध्ये काला फिगेरा येथे आपण घेतलेल्या वर्गात तीन दिवसांची मांडणी, व्याख्यानांचा क्रम आणि त्यांमागची विचारसरणी आधीच सिद्ध झाली होती, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. पहिल्या मताला धर्मप्रांताच्या अधिकृत नोंदींचा आधार आहे. शिवाय, एर्वास यांच्यानंतरचे बिशप एन्सिसो व्हियाना यांनी १९५६ मध्ये मायोर्कात कुर्सियोंवर बंदी घातली आणि चळवळीची बाजू मांडण्याचे काम सिउदाद रेआलला बदलून गेलेल्या एर्वास यांच्याकडे आले. १९४९ ही तारीख रूढ होण्यास हेही एक कारण असावे. पद्धतीच्या घडणीचा विचार करता १९४४ चा दावा अधिक ग्राह्य वाटतो. १९४९ मध्ये चर्चचे छत्र मिळाले, असे म्हणणे योग्य होईल. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा वाद गौण नाही. १९४४ मान्य केले, तर मूळ उपक्रम एका सामान्य तरुणाने तरुणांसाठी उभारलेला ठरतो. प्रौढांचे कुर्सियो ही त्याची पुढची अवस्था, आणि १९६० नंतरची किशोर शिबिरे म्हणजे मूळ प्रवृत्तीकडे परतणे.

प्रसार : अमेरिकेत विमानचालनाच्या प्रशिक्षणासाठी आलेल्या स्पॅनिश वायुसैनिकांच्या पुढाकाराने टेक्सासमधील वेको येथे १९५७ मध्ये पहिला कुर्सियो झाला, १९६१ पासून ते इंग्रजीतही होऊ लागले. १९६५ मध्ये मिशिगन राज्यातील लान्सिंग धर्मप्रांतात फादर मॅथ्यू फेडेवा यांनी ‘टीन्स एन्काउंटर क्राइस्ट’ (टेक) सुरू केले. त्यात तीन दिवसांना पास्काच्या रहस्याचा (ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान) साचा दिला आहे : पहिला दिवस मरणाचा, दुसरा पुनरुत्थानाचा, तिसरा पेन्टेकॉस्टचा म्हणजे जगात पाठवणीचा. जेझुइट शाळांमधून रुळलेले चार दिवसांचे ‘कैरोस’ याच कुळातले आहे. मेथडिस्टांच्या नॅशव्हिल येथील ‘अपर रूम’ संस्थेचे ‘क्रिसालिस’ हे प्रौढांच्या ‘वॉक टू एमाउस’चे किशोरांसाठी केलेले रूप, फुलपाखरू हे त्याचे चिन्ह.

स्वरूप : दिवसभर ‘रोयो’ नावाची व्याख्याने होतात. मूळ कुर्सियोत ती पंधरा असतात, रोज पाच. काही व्याख्याने धर्मगुरू देतात, बाकीची सामान्य श्रद्धावंत. किशोर शिबिरांत आधी शिबिर केलेली मुलेमुलीच बोलायला उभी राहतात. त्यांनी लिहून आणलेले भाषण चमूपुढे आधी वाचून तपासले जाते. प्रत्येक व्याख्यानानंतर टेबलाभोवती बसलेला छोटा गट चर्चा करतो. कुमसार (पापांची कबुली) आणि मिस्सा (मुख्य उपासनाविधी) हे कॅथलिक शिबिराचे केंद्र. घड्याळे काढून ठेवायला सांगण्याची प्रथाही अनेक ठिकाणी आहे.

‘पालांका’ (शब्दशः तरफ) ही या परंपरेची खास देणगी. शिबिरार्थींसाठी इतरांनी गुपचूप केलेली प्रार्थना, उपवास वा त्याग म्हणजे पालांका. ‘टेक’मध्ये योहान १२:२४ मधील गव्हाच्या दाण्याला अनुसरून त्याला ‘गहू’ म्हणतात. आईवडील, भावंडे, मित्र यांची पत्रे संयोजक आधीच मागवून ठेवतात आणि ठरलेल्या वेळी नाव लिहिलेले पाकीट हातात देतात. मुले पांगून, एकेकटी बसून ती वाचतात. घरात तोंडाने कधी न बोललेली माया येथे कागदावर येते, आणि शिबिरातील सर्वांत खोल परिणाम बहुधा या पत्रांचाच होतो.

बॅप्टिस्ट धारा : सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकी पंथाच्या मंडळ्यांतील (स्थानिक चर्चमधील) ‘डिसायपल नाऊ’ (डी-नाऊ) सुमारे १९७० च्या दशकापासून रूढ झाले असावे. येथे मुक्काम रिट्रीट केंद्रात नसून मंडळीतील कुटुंबांच्या घरी असतो. एका इयत्तेची मुले एका घरी, मुली दुसऱ्या घरी. सोबत एखादा महाविद्यालयीन मार्गदर्शक, बायबल अभ्यास आणि बैठकीच्या खोलीत पसरलेल्या स्लीपिंग बॅगा. शनिवारी बहुधा सेवाकार्य आणि रविवारी संपूर्ण मंडळीसह उपासना.

मूल्यमापन : अपुरी झोप, गुप्तता आणि सामूहिक भावनावेग यांमुळे येणारे भारावलेपण म्हणजे श्रद्धा नव्हे, ही टीका जुनी आणि रास्त आहे. मूळ योजनेत तीन दिवसांपेक्षा ‘चौथा दिवस’, म्हणजे उरलेले सर्व आयुष्य, महत्त्वाचा होता. त्यासाठी छोट्या गटांच्या नियमित भेटी आणि ‘उल्त्रेया’ मेळावे ठरवून दिले होते. किशोर शिबिरांत हाच भाग सर्वाधिक दुबळा राहतो, कारण मुले लवकरच शिक्षणासाठी गाव सोडतात. गुप्ततेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अमेरिकी बिशपांच्या २००२ च्या बालसंरक्षण सनदेनंतर कॅथलिक शिबिरांतील प्रौढांची पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे झाले. अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांपासून काहीही लपवणे आज समर्थनीय मानता येत नाही.

भारतात कॅथलिक युवा शिबिरांवर कुर्सियोपेक्षा करिस्मॅटिक नवजागरणाचा (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या चळवळीचा) ठसा अधिक दिसतो. केरळात उगम पावलेली आणि २०१६ मध्ये व्हॅटिकनची मान्यता मिळालेली ‘जीझस यूथ’ चळवळ हे त्याचे ठळक उदाहरण होय.