मेन कॅरेक्टर (फायटिंग गेम)

फायटिंग गेम खेळणारा ज्या एका पात्रावर दीर्घकाळ मेहनत घेतो, ते त्याचे मेन कॅरेक्टर किंवा नुसते 'मेन'. दोन पात्रे समोरासमोर, दोघांना ठरावीक लाइफ, आणि ठरलेल्या फेऱ्या आधी जिंकेल तो विजयी, अशी या खेळाची मांडणी सर्वपरिचित आहे. आजच्या गेममध्ये पात्रांची संख्या मोठी असते. स्ट्रीट फायटर ६ (२०२३) बाजारात आला तेव्हा त्यात १८ पात्रे होती, टेक्कन ८ (२०२४) मध्ये ३२. प्रत्येकाचे डाव, वेग आणि पल्ला वेगळा. नवख्याने यांतून एक पात्र कसे निवडावे, हा या नोंदीचा विषय असून तुलनेसाठी बडोद्यातील मराठी वस्तीतला खेळ आणि तिथली तालमीची परंपरा विचारात घेतली आहे.

उगम : पात्र निवडण्याची सोय प्रथम कोणत्या गेमने दिली, याबद्दल एकमत नाही. सेगाचा हेवीवेट चॅम्प (१९७६) हा मुष्टियुद्धाचा गेम या प्रकारातला पहिला म्हणून अनेकदा सांगितला जातो. त्यात निवडीचा प्रश्नच नव्हता. डेटा ईस्टच्या कराटे चॅम्पमध्ये (१९८४) एक कराटेपटू पांढऱ्या पोशाखात आणि दुसरा तांबड्या, एवढाच भेद. कोनामीच्या यी आर कुंग-फूने (१९८४–८५) प्रतिस्पर्धी नाना तऱ्हेचे आणले, कोणी काठी फिरवणारा, कोणी साखळी, कोणी तलवार. पण खेळणाऱ्याच्या वाट्याला ऊलाँग हा एकच गडी. कॅपकॉमच्या पहिल्या स्ट्रीट फायटरमध्ये (१९८७) पहिल्या खेळाडूला रिऊ आणि दुसऱ्याला केन मिळे. दोघांचे डाव तेच असल्याने कोणत्या बाजूला उभे राहिलात याला फारसा अर्थ नव्हता.

पहिलेपणाचा मान काही अभ्यासक कोनामीच्याच गॅलॅक्टिक वॉरियर्सला (१९८५) देतात. त्यात लढाऊ यंत्रमानवांपैकी एक निवडता येत असे. दुसरे मत अटारी गेम्सच्या पिट-फायटरच्या (१९९०) बाजूचे आहे. त्यातल्या बझ, टाय आणि काटो या तिघांची ताकद व चपळाई सारखी नव्हती. तिसरे आणि सर्वाधिक प्रचलित मत स्ट्रीट फायटर २ (१९९१) या गेमच्या बाजूचे. केवळ सालांचा हिशेब केला तर ते टिकत नाही, तरीही आमचा कल त्याच्याकडेच आहे. निवडीची सोय असणे आणि मेन ठेवण्याची रीत पडणे या दोन निराळ्या गोष्टी होत. एखादे पात्र महिनोन्‌महिने घोटावे असे वाटण्यासाठी त्यात तेवढा ऐवज हवा, आणि समोर यंत्राऐवजी माणूस हवा. रिऊ, केन, होंडा, ब्लँका, गाइल, चुन-ली, झांगिफ आणि धालसिम या आठांमध्ये रिऊ-केन ही जोडी वगळली, तर एकावर बसलेला हात दुसऱ्यावर तसाच चालत नाही. हा भेद त्या गेमने रुजवला.

यातही एक बारकावा आहे आणि तो संदर्भग्रंथांत सहसा दुर्लक्षिला जातो. १९९१ च्या मूळ आर्केड आवृत्तीत दोन्ही खेळाडूंना एकच पात्र घेता येत नव्हते. समोरच्याने गाइल आधी धरला की तो तुमच्यासाठी गेला. १९९२ च्या चॅम्पियन एडिशनमध्ये ही अट निघाली, शिवाय तोपर्यंत केवळ यंत्राच्या हाती असलेली चार शेवटची पात्रेही खुली झाली. प्रत्येक लढतीला हमखास मिळेल अशा पात्रालाच पूर्ण अर्थाने 'माझे' म्हणता येते. म्हणून या प्रथेचा आरंभ १९९१ पेक्षा १९९२ ला मानणे आम्हांला अधिक सयुक्तिक वाटते.

बडोदे : १९९० च्या दशकात हे खेळ बडोद्यासारख्या शहरांत दोन वाटांनी आले. एक व्हिडिओ पार्लरची, दुसरी टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली सेटची. सेटबरोबरच्या कॅसेटमधल्या नकली आवृत्त्यांत पात्रे मोजकीच असत. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात सेट एक, रिमोट दोन आणि गणपतीच्या सुट्टीत जमलेली चुलत-मावस भावंडे पाच-सहा, अशी स्थिती असली की निवड वयानुसार होई. दादा रिऊ घेई, ताई चुन-ली, आणि धाकट्याला उरलेला झांगिफ. ''दादा, आज मला रिऊ दे ना,'' या विनवणीला सहसा यश येत नसे. एका अर्थी अशा धाकट्यांचे भलेच झाले. वाट्याला आलेले पात्र ज्यांनी नाइलाजाने घोटले त्यांच्या हातात काही डाव कायमचे बसले. पुढे प्लेस्टेशनवरच्या टेक्कन ३ ने (१९९८) चित्र पालटले. कापोइरा या ब्राझिली युद्धनृत्यात लढणारा एडी गॉर्डो नुसती बटने दाबत सुटणाऱ्यालाही जिंकून देई. पहिल्याच दिवशी मोठ्या भावाला हरवायला मिळाल्यामुळे तो नवख्यांचा लाडका झाला, आणि त्याच कारणाने जाणत्यांच्या रागाचा धनी.

तांत्रिक बाजू : निवडीच्या चर्चेत सर्वांत कमी समजून घेतला जातो तो काळाचा हिशेब. या गेमचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. त्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक डावाचे तीन टप्पे पडतात : उगारणे, लागणे आणि सावरणे. स्ट्रीट फायटर ६ मध्ये रिऊचा उभ्याने मारलेला हलका ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. टेक्कनमध्ये सर्वांत जलद ठोसा साधारणपणे दहाव्या फ्रेमला. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. हलका ठोसा बघून अडवता येत नाही, तो आधीच ओळखावा लागतो. रिऊचा वरून खाली येणारा, बसून ब्लॉक न होणारा ठोसा मात्र २० फ्रेम घेतो, आणि सरावाने तो दिसल्यावर उठून अडवता येतो. याचा निवडीशी थेट संबंध आहे. नवख्याची नजर अजून तयार झालेली नसते. ज्याचे सगळे डाव जवळून आणि झटपट चालतात असे पात्र घेतले, तर आपण हरलो का हेच त्याला कळत नाही.

हाताच्या हालचालींतही फरक आहे. रिऊचा हादोकेन खाली, तिरपे पुढे, पुढे आणि ठोसा असा निघतो. काही दिवसांत अंगवळणी पडतो. गाइलचा सॉनिक बूम मागची दिशा जवळजवळ पाऊण सेकंद धरून ठेवल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे हा गडी चालून जाता जाता तो सोडू शकत नाही. झांगिफच्या प्रसिद्ध पकडीला काठीचा (जॉयस्टिकचा) पूर्ण फेरा आणि ठोसा लागतो. येथे नवखा हमखास अडतो. फेऱ्यात काठी वरच्या दिशेला जाते, गेम त्याला उडी समजतो, आणि पकडीऐवजी झांगिफ हवेत जाऊन समोरच्याच्या लाथेवर उतरतो. जाणते खेळाडू तोच फेरा दुसऱ्या एखाद्या डावाच्या आड पूर्ण करतात. हलका ठोसा मुद्दाम रिकामा सोडायचा, तो सावरत असताना काठी फिरवून घ्यायची आणि पाय मोकळे होताच ठोशाचे बटन दाबायचे. फेरा पुरा करावा लागतही नाही, तीन-चतुर्थांशही मान्य होतो. ही युक्ती एकदा दाखवली की दोन दिवस रडवणारा झांगिफ नवख्याला एकदम जवळचा वाटू लागतो.

वर्गीकरण : पात्रांचे प्रकार रूढ आहेत. रिऊ-केनसारखे सर्वांगी, दुरून मारा करणारे, पकडीवाले, अंगावर धावून जाणारे, गाइलसारखे दिशा धरून सोडण्याच्या डावांचे. गिल्टी गिअर स्ट्राइव्हसारखे (२०२१) गेम तर पात्राचा प्रकार आणि सोपेपणा निवडीच्या पडद्यावरच दाखवतात. आमच्या मते हे प्रकार शेवटी एकाच प्रश्नाला येऊन मिळतात : लढत कोणत्या अंतरावर व्हावी असे तुम्हांला वाटते? धालसिमचे हात-पाय लांबतात, म्हणून त्याला समोरचा अर्ध्या पडद्यावर हवा असतो. हातघाईवर आला की धालसिम दुबळा पडतो. झांगिफला हाताच्या अंतरावर यायचे असते आणि तिथवर पोहोचेपर्यंत मार खावा लागतो. रिऊ मधल्या अंतरावर सुखी. ज्याला वाट पाहणे जमते त्याने धालसिम घ्यावा, ज्याला मार सोसून एका पकडीत हिशेब चुकता करण्यात आनंद आहे त्याने झांगिफ. भारतीय म्हणून धालसिम घेणाऱ्या नवख्यांची ओढ समजण्यासारखी आहे, पण पहिल्या महिन्यासाठी तो कठीण आहे हे त्यांना आधी सांगितलेले बरे.

निवडीची रीत : बडोद्यातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या संस्थांमुळे आणि तिथेच मराठीत दहा खंडांत निघालेल्या व्यायामज्ञानकोशामुळे (१९३६–४९) मल्लविद्येचा विचार या शहराला परका नाही. तालमीत नवा पोरगा आपला डाव आपण निवडत नाही. वस्ताद आधी त्याचा बांधा बघतो, मातीत चार दिवस लोळवतो, मग उंच सडपातळ अंगाला टांग किंवा ढाक, ठेंगण्या भरीव अंगाला पट काढणे, असे काहीतरी लावून देतो. तोच पुढे त्याचा हुकमी डाव होतो. गेममध्ये नवख्याला वस्ताद नाही आणि बांधाही नाही. पात्राचे शरीर उसने असते. त्यामुळे स्वभाव हाच त्याचा बांधा मानावा लागतो आणि निवड त्याची त्यालाच करावी लागते.

रूढ सल्ले तीन आहेत. सोपे पात्र घ्या, हा पहिला. तो वाईट नाही, पण कंटाळा आला तर मुलगा गेमच सोडतो. बलवान पात्र घ्या, हा दुसरा. जाणत्यांनी केलेल्या क्रमवारीतले वरचे नाव उचलायचे. हा सल्ला नवख्याच्या काही कामाचा नाही. क्रमवारी अव्वल हातांसाठी असते आणि अद्ययावत आवृत्ती आली की बदलते. नवख्यांच्या लढती ब्लॉक करायचे विसरणे, उगाच उड्या मारणे यांवर ठरतात. आवडेल ते घ्या, हा तिसरा. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत, एका दुरुस्तीसह : रूप आवडले एवढ्यावर थांबू नये. सरावाच्या खोलीत त्या पात्राचा एकच डाव वीस-पंचवीस वेळा करून पाहावा, आणि तरीही आणखी करावासा वाटला तर ते पात्र घ्यावे. रोज करायचे काम हेच असणार आहे.

अलीकडच्या गेमनी उंबरठा बराच खाली आणला आहे. स्ट्रीट फायटर ६ च्या 'मॉडर्न' पद्धतीत विशेष डाव एका बटनावर निघतात. मोबदल्यात अशा डावाचा फटका २० टक्के कमी बसतो आणि काही साधे डाव मिळत नाहीत. टेक्कन ८ मध्ये 'स्पेशल स्टाइल' लढत चालू असतानाच चालू-बंद करता येते. या सोयींमुळे झांगिफही पहिल्या दिवशी घेता येतो. जुने खेळाडू याला नाके मुरडतात. आम्हांला ते पटत नाही. काठीचा फेरा हा या विद्येचा एक भाग आहे, अंतराची जाण हा त्याहून मोठा.

पात्र बदलणे : एका पात्राला जन्मभर चिकटावे की नाही, याची दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर ५ चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी ४४ व्या वर्षी मिळवले. पंजाधारी व्हेगा हे त्यांचे ओळखीचे पात्र. उलट लाहोरचा अर्सलान ॲश, ज्याने २०१९ मध्ये इव्हो जपान आणि इव्हो या फायटिंग गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा टेक्कन ७ मध्ये जिंकल्या, त्याने काझुमी, झफिना आणि टेक्कन ८ मध्ये नीना अशी पात्रे लढतीगणिक आणि आवृत्तीगणिक बदलली. नवख्याच्या बाबतीत बदल कधी करावा याचा एक साधा निकष देता येतो. हरल्यावर कोणत्या डावाने मार बसला आणि त्याला तोड काय, हे सांगता येत नसेल, तर पात्र बदलून काही साधत नाही. तोच डाव नव्या पात्रालाही लागतो. ते सांगता येत असेल आणि तरीही त्या पात्राच्या अंतरावर लढण्याची इच्छा उरली नसेल, तर खुशाल बदलावे. ब्लॉक केल्यावर उलटा मार देणे, उडी मारणाऱ्याला खालून पाडणे, अंतर राखणे या गोष्टी नव्या पात्राबरोबरही कामी येतात. नव्याने शिकावे लागतात ते कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडून मारलेल्या फटक्यांच्या साखळ्या, आणि त्यांना काही आठवडे पुरतात.